विश्लेषण : हिंजवडीतल्या तिशीच्या रक्तदाबाची नोंद कोण ठेवणार?

कंपनीच्या वार्षिक आरोग्य तपासणीत रक्तदाबाचा आकडा येतो १४८/९६. मोजणारा तंत्रज्ञ म्हणतो, ‘एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.’ कर्मचारी सांगतो, ‘काल रात्री डिप्लॉयमेंट होते, झोप झाली नाही,’ आणि पुढच्या कॉलला जातो. आठवडाभराने मेलवर अहवालाची पीडीएफ येते. त्यात तो आकडा लाल अक्षरांत छापलेला असतो. त्यानंतर काहीच होत नाही.

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये काम केलेल्या कोणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात १४० कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यांतील जेमतेम पाचांत एकाचा तो नियंत्रणात आहे. भारताचे चित्र याहून बरे नाही. संघटनेच्या २०२३ च्या अहवालात भारतातील ३० ते ७९ वयोगटातील रुग्णांची संख्या १८ कोटी ८३ लाख धरली होती. त्यांतील ३७ टक्क्यांनाच निदान झालेले होते, ३० टक्के उपचार घेत होते आणि १५ टक्क्यांचा दाब आटोक्यात होता.

या तीन आकड्यांमधली गळती हाच सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. औषध आहे, स्वस्त आहे, जुने आहे. तरीही शंभरातल्या ८५ जणांपर्यंत त्याचा परिणाम पोहोचत नाही. हिंजवडीत तर यंत्रे आहेत, विमा आहे, समोरच खासगी रुग्णालये आहेत. मग अडते कुठे?

रक्तदाबाचे दोन आकडे काय सांगतात?

हृदय हा पंप आणि धमन्या हे पाइप, एवढे धरले तरी बरेचसे कळते. दाब हा दोन गोष्टींवर ठरतो : पंप किती रक्त ढकलतो आणि पाइप किती रोध करतात. वरचा आकडा हृदय आकुंचन पावते त्या क्षणाचा, खालचा ते सैल पडते त्या क्षणाचा. एकक आजही पाऱ्याच्या उंचीचे मिलिमीटर हेच आहे, मोजणाऱ्या यंत्रात पारा उरलेला नसला तरी.

भारतात दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजलेला दाब १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, तर उच्च रक्तदाब मानतात. घरी मोजताना ही रेषा १३५/८५ अशी थोडी खाली धरली जाते. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये १३०/८० हीच रेषा ठरवली. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांनी २०२४ मध्ये १२०/७० पासून पुढचा दाब ‘वाढलेला’ या नव्या गटात टाकला. रेषा बदलतात म्हणजे डॉक्टरांचे आपसांत पटत नाही, असे नाही. धोका एका आकड्यावर अचानक सुरू होत नाही, तो हळूहळू चढतो. सुमारे दहा लाख लोकांच्या माहितीचे जे मोठे विश्लेषण २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात ४० ते ६९ वयोगटात ११५/७५ पासून पुढे वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने वाढला की हृदयविकार आणि पक्षाघाताने मृत्यूचा धोका दुप्पट होतो, असे दिसले होते.

इमारतीचा प्रेशर पंप गरजेपेक्षा जास्त दाबाने चालत राहिला तर पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. नळाला पाणी जोरात येते, म्हणून लोक खूशच असतात. सांधे सुटायला वर्षे लागतात. शरीरात तेच होते. हृदयाचा डावा कप्पा जाड होतो, मूत्रपिंडातील बारीक वाहिन्या खराब होतात, डोळ्याच्या पडद्यावर खुणा उमटतात, मेंदूतील एखादी वाहिनी बंद पडते किंवा फुटते. डोके दुखले म्हणजे बीपी वाढले, हा समज चुकीचाच नाही तर घातक आहे, कारण त्याची उलट बाजू अशी की डोके दुखत नाही म्हणजे बीपी ठीक.

तिशीत हे दुखणे सापडणे म्हणजे धोका कमी, असाही एक समज आहे. या वयात पुढच्या पाच वर्षांत झटका येण्याची शक्यता कमी असते, हे खरे. पण वाहिन्यांवरचा जादा दाब आणखी तीस-पस्तीस वर्षे राहणार असतो. बहुतेकांत उच्च रक्तदाबाला एकच एक कारण सापडत नाही. मात्र तरुण वयात दाब बराच वाढलेला असेल तर मूत्रपिंड, थायरॉइड, अधिवृक्क ग्रंथी, झोपेत श्वास अडकण्याचा विकार आणि चालू असलेली औषधे, यांत वेदनाशामक गोळ्याही आल्या, हे सारे डॉक्टर तपासतात.

हिंजवडीतच जास्त काळजी का?

हिंजवडीचे रक्तदाबाचे स्वतंत्र सर्वेक्षण उपलब्ध नाही, त्यामुळे ‘आयटीवाल्यांना बीपी जास्त’ असे ठामपणे म्हणणे चुकीचे ठरेल. देशाचे चित्र मात्र स्पष्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत, जिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, वीस वर्षांवरील ३५.५ टक्के लोकांत उच्च रक्तदाब आढळला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) पंधरा वर्षांवरील स्त्रियांत हे प्रमाण २१.३ टक्के आणि पुरुषांत २४ टक्के होते. हिंजवडी या देशातच आहे.

शिवाय इथले दिवसाचे गणित रक्तदाबाच्या बाजूचे आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये केलेल्या विश्लेषणात, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त दिसला. पाच दिवसांच्या आठवड्यात ५५ तास म्हणजे रोजचे अकरा. अमेरिकेच्या वेळेवर चालणाऱ्या प्रकल्पात ते सहज होतात. वाकडच्या पुलापासून फेज थ्रीपर्यंत गाडीत बसून काढलेला वेळ त्यात धरलेला नाही.

मग खाणे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. आयसीएमआरच्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतीय माणूस सरासरी आठ ग्रॅम खातो. मराठी ताटात पापड, लोणचे, ठेचा, मिठाचे ताक आधीच असते. त्यावर टपरीवरचा वडापाव, मिसळीतले फरसाण, रात्री दहाला मागवलेले नूडल्स आणि बॅगेतली बाकरवडी. पावात आणि बिस्किटात मीठ असते हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही, कारण ते खारट लागत नाहीत. मीठ वाढले की शरीर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि दाबही. पोटॅशियम मिसळलेले कमी सोडियमचे मीठ हा एक पर्याय आहे, जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही घरच्या वापरासाठी तो सुचवला. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि लहान मुलांसाठी मात्र तो नाही.

आणि हिंजवडी म्हणजे फक्त गळ्यात ओळखपत्र अडकवलेले अभियंते नव्हेत. रात्रपाळीचे सुरक्षारक्षक आहेत, कॅबमध्येच झोपणारे चालक आहेत, बांधकामावरचे मजूर आहेत. म्हातोबाच्या यात्रेत बगाड घेऊन वाकडपर्यंत चालत जाणारे मूळ गावकरी आहेत, ज्यांच्या एका पिढीने शेतात घाम गाळला आणि पुढच्या पिढीकडे भाड्याच्या खोल्या आल्या.

मोजण्याची जबाबदारी कोणाची?

इथे खरी गाठ आहे. हिंजवडी आणि माण ही कागदावर मुळशी तालुक्यातील ग्रामपंचायतींची गावे. त्यामुळे इथली सरकारी आरोग्य सेवा पुणे जिल्हा परिषदेकडे. हिंजवडी पिंपरी-चिंचवड महापालिकेत घेण्याची चर्चा वर्षानुवर्षे सुरू आहे. इथे काम करणारे राहतात मात्र वाकड, ताथवडे, पुनावळ्यात, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत, किंवा बाणेर-बालेवाडीत, म्हणजे पुणे महापालिकेच्या. अनेकांचे मतदार यादीतले नाव आजही लातूर, नांदेड किंवा जळगावलाच आहे. जिल्हा रुग्णालय औंधला. दिवसाचे बारा तास एका यंत्रणेच्या हद्दीत आणि उरलेले बारा दुसऱ्या, अशा माणसाची नोंद कोणाच्या वहीत व्हायची?

केंद्राच्या असंसर्गजन्य आजार कार्यक्रमात तिशीवरील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह तपासणी अपेक्षित आहे. आशा सेविका घरोघरी जाऊन माहिती भरतात, पुढची तपासणी आरोग्य केंद्रात होते. ही रचना गावात चालते. सोसायटीत आशा सेविका दुपारी गेटवर पोहोचली, तर फ्लॅटमध्ये बहुधा गावाहून आलेले आई-वडील भेटतात. पस्तिशीचा मुलगा आणि सून त्या वेळी ऑफिसात असतात. त्यामुळे आईची नोंद होते, मुलाची राहते.

कामाच्या ठिकाणी कायदा काय सांगतो? केंद्राने २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू केल्या. त्यांनुसार चाळिशीवरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मालकाने करायची आहे. ही चांगली तरतूद आहे, पण ज्या परिसरात बहुतेक कर्मचारी विशी-तिशीतले आहेत, तिथे तिचा उपयोग मर्यादितच. सरकारी कार्यक्रम तिशीपासून आणि कायद्याची सक्ती चाळिशीपासून, अशी ही पायरी आहे. मोठ्या कंपन्या सर्वांची तपासणी करतात, पण स्वेच्छेने. कंत्राटदारामार्फत आलेल्या रक्षकापर्यंत ती पोहोचेलच असे नाही. महिना २१ हजारांपर्यंत वेतन असेल तर त्याला कर्मचारी राज्य विम्याचा दवाखाना आहे. त्याच इमारतीतल्या अभियंत्याला तो नाही. त्याच्याकडे कंपनीचा गट विमा असतो, आणि असा विमा प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येतो. म्हणजे पक्षाघात झाला तर खर्च मिळेल, तो टाळण्यासाठी दरमहा डॉक्टरांकडे गेलेल्याचा बहुधा नाही.

यातून आणखी एक सवय तयार झाली आहे : आकडा लपवण्याची. पुढे स्वतंत्र विमा घेताना अडचण येईल म्हणून फाइलवर ‘बीपी’ नको, असे लोक डॉक्टरांनाच सांगतात. वास्तविक विमा नियामकाने २०२४ मध्ये आधीपासूनच्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षाकाल चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला आहे. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी उघड झाला तर दावाच फेटाळला जाऊ शकतो. तीन वर्षे थांबणे त्यापेक्षा परवडते.

सातारा, सिंधुदुर्गने काय करून दाखवले?

याच महाराष्ट्रात, आयटी पार्क नसलेल्या चार जिल्ह्यांत उत्तराचा मोठा भाग सापडतो. आयसीएमआर, केंद्रीय आरोग्य मंत्रालय, जागतिक आरोग्य संघटना आणि राज्य सरकारे यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ सुरू केला. पहिल्या टप्प्यात पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्रातील निवडक जिल्हे होते. महाराष्ट्रातले जिल्हे म्हणजे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा.

तिथे कोणतेही नवे औषध आले नाही, बदलली ती पद्धत. आरोग्य केंद्रात माणूस खोकल्यासाठी येवो की नातेवाइकाबरोबर, वय तिशीच्या पुढे असेल तर परिचारिका आधी बीपी मोजणार. दाब वाढलेला असेल तर प्रत्येक डॉक्टरने आपल्या पसंतीची गोळी न लिहिता ठरलेल्या क्रमानेच जायचे : एक औषध, ठरावीक मात्रा. महिन्याने दाब खाली आला नाही तर पुढची पायरी. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन ही या क्रमातली परिचित नावे. मोजकीच औषधे लागणार हे ठरल्यामुळे वर्षाला किती गोळ्या लागतील याचा हिशेब जमतो आणि केंद्रात त्या संपत नाहीत.

दुसरा बदल नोंदीचा. रुग्णाला क्यूआर कोड असलेले कार्ड मिळते. परिचारिका ते मोबाइलवर स्कॅन करून त्या दिवशीचा दाब आणि दिलेली गोळी नोंदवते. ‘सिंपल’ नावाचे हे ॲप खरोखरच साधे आहे, आणि त्याचे सर्वांत उपयोगी काम म्हणजे तारीख उलटून गेलेल्यांची यादी दाखवणे. त्या यादीतल्या माणसाला केंद्रातून फोन जातो : ‘काका, गोळ्या संपल्या असतील, या महिन्यात आला नाहीत.’ गोळ्या संपल्यावर लोक गप्प बसतात, तक्रार करत नाहीत. कारण त्रास काही होत नसतो. म्हणून हा फोन औषधाइतकाच महत्त्वाचा.

परिणाम काय झाला? चार राज्यांतील २४ निवडक केंद्रांमधल्या सुमारे २२ हजार रुग्णांच्या अभ्यासात, नोंदणीच्या वेळी २६ टक्क्यांचा दाब नियंत्रणात होता. पुढच्या भेटींत हे प्रमाण जवळपास ६० टक्क्यांवर गेले. या चार राज्यांत महाराष्ट्रही होता. कोविडच्या टाळेबंदीत याच यंत्रणेने गोळ्या उपकेंद्रांपर्यंत आणि काही ठिकाणी घरापर्यंत पोहोचवल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, तेव्हा तो २३ राज्यांतील १३० हून अधिक जिल्ह्यांत पोहोचला होता आणि ३४ लाखांवर लोक उपचार घेत होते. मे २०२३ मध्ये केंद्राने मधुमेह आणि उच्च रक्तदाबाच्या साडेसात कोटी रुग्णांना २०२५ पर्यंत प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले.

सगळे गुलाबी नाही. जो नोंदला गेला त्याचेच हे यश आहे, आणि सरकारी केंद्राच्या दुपारच्या बाह्यरुग्ण विभागात नोकरदार पुरुष फारसे येत नाहीत.

हिंजवडीत हे करता येईल?

तांत्रिकदृष्ट्या यापेक्षा सोपी जागा नाही. दूर देशातल्या बँकेचा सर्व्हर दोन मिनिटे बंद पडला तर इथे रात्री तीन वाजता कोणाचा तरी फोन वाजतो. त्याच मजल्यावरच्या माणसाचा दाब १६०/१०० निघाला तर पुढच्या वर्षीच्या तपासणीपर्यंत कोणी विचारत नाही.

कमी पडते ते तपासणीनंतरचे काम. अहवालात १४०/९० च्या वर आकडा आलेल्यांना पंधरा दिवसांत पुन्हा मोजायला बोलावणे, कंपनीच्या आरोग्य कक्षात ठरलेली उपचारपद्धती ठेवणे आणि महिन्याची आठवण पाठवणे, एवढे केले तरी चित्र बदलेल. यात एक अट महत्त्वाची आहे. ही माहिती मनुष्यबळ विभागाकडे किंवा व्यवस्थापकाकडे जाता कामा नये. बढतीच्या वेळी आपला आकडा कोणी पाहील अशी शंका आली, तर लोक हात पुढे करणारच नाहीत.

सरकारी बाजूने वेळ हा मुद्दा आहे. राज्याने १ मे २०२३ रोजी तालुक्या-तालुक्यांत सुरू केलेल्या ‘आपला दवाखाना’ची बाह्यरुग्ण वेळ दुपारी दोन ते रात्री दहा ठेवली, ती नोकरदारांचा विचार करूनच. तसा एखादा दवाखाना फेज वन आणि माण यांच्या मधल्या रस्त्यावर असेल, तर कॅबचालक आणि रक्षकही तिथे थांबतील. हिशेबही सरकारच्याच फायद्याचा आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्यांच्या डायलिसिसचा भार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेवर येतोच. त्याच्या तुलनेत ॲम्लोडिपिनच्या गोळीची किंमत नगण्य म्हणावी अशी आहे.

‘एकदा सुरू झाली की आयुष्यभर’

गोळी टाळण्याचे हे सर्वांत मोठे कारण. बहुतेकांना ती दीर्घकाळ घ्यावी लागते, हे खरेच. पण गोळीची सवय लागते म्हणून नव्हे, तर दाब वाढवणारी स्थिती कायम असते म्हणून. चष्मा लावल्याने नंबर लागत नाही, तसेच हे. वजन बरेच उतरले, मीठ कमी झाले, झोप सुधारली तर काहींची मात्रा कमी करता येते, क्वचित थांबवताही येते. ते डॉक्टरांनी ठरवायचे. दाब १२०/८० आला म्हणून गोळी आपणच बंद करणे ही नेहमीची चूक, कारण तो आकडा गोळीमुळेच आलेला असतो. गरोदर राहण्याचा विचार असलेल्या स्त्रियांनी मात्र हे आधीच सांगायला हवे. टेल्मिसार्टनसारखी औषधे गरोदरपणात चालत नाहीत, त्या काळासाठी वेगळी औषधे असतात.

घरी मोजताना

दंडाला पट्टा बांधायचे स्वयंचलित यंत्र घ्यावे. हातातल्या घड्याळाने पट्ट्याशिवाय दाखवलेला आकडा निदानासाठी वापरू नये, असे युरोपातील उच्च रक्तदाब तज्ज्ञांच्या संघटनेचे मत आहे. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट नको. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. बोलू नये, फोन बाजूला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. सलग सात दिवस सकाळ-संध्याकाळ असे लिहून ठेवलेले आकडे डॉक्टरांना दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा जास्त सांगतात. काहींचा दाब दवाखान्यात घाबरल्याने वाढतो, तर काहींचा तिथे नेमका ठीक येतो आणि कामाच्या दिवशी चढलेला असतो. हा दुसरा प्रकार वार्षिक तपासणीत निसटतो.

आकडा १८०/१२० च्या पुढे असेल आणि त्यासोबत छातीत दुखणे, धाप लागणे, बोलताना जीभ अडखळणे, चेहरा किंवा हात-पाय एका बाजूला लुळे पडणे किंवा अंधारी येणे असे काही असेल, तर पुन्हा मोजत बसू नये. १०८ ला फोन करावा किंवा थेट रुग्णालय गाठावे. संध्याकाळी सहानंतर हिंजवडीतून निघायचे असेल तर लवकर निघावे.